'यो' कितव्या भागात गेला?

विहीणबाई, तुमच्या शोकसभेत जे बोललं गेलं ते तुम्ही ऐकलं असतंत, तर शेजारणीला कोपराने ढोसून विचारलं असतंत, "ही कोण बाई म्हणायची?" मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तुम्हाला धर्मपरायण म्हटलं. सचिवांनी सात्त्विक म्हटलं. ज्यांना तुम्ही कायम 'माइकवाले' म्हणत होतात, ते गृहस्थ तुमच्या भजनप्रेमावर बराच वेळ बोलले. भजनाला तुम्ही जात होतात हे खरं आहे. पण शेवटच्या रांगेत बसून कुणाला कोणती कोरियन मालिका लावून द्यायची हे ठरवायला जात होतात, हे त्या सभेतल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं. एकीनेही सांगितलं नाही.

मीही नाही. मी तुमच्या जावयाची आई, पुण्याची, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून मला शेवटी बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोलले. चारही व्याकरणशुद्ध होती. 'आमचे संबंध अत्यंत आदराचे होते' हे त्यातलं शेवटचं. लोकांनी माना डोलावल्या. खाली बसता बसता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य अगदी खरं आहे, आणि तेच वाईट आहे.

बाहेर चपला शोधत होते तेव्हा तुमच्या वरच्या मजल्यावरच्या सरोजम्मांनी मला गाठलं. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता सांत्वन करावं लागणार. त्या म्हणाल्या, "मेरे आठ भागां हो गए, अम्मा. आगे का बोलतूं बोले थे उनो. अब हमना कौन बोलते?"

हातातली मालिका संपली की पुढची कोणती बघायची, हे तुम्ही त्यांना सांगणार होतात. ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमच्याबद्दलचं पहिलं खरं वाक्य असं चपलांपाशी बोललं गेलं. आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही, कारण तुमच्या मालिकांबद्दल मला जेवढं माहीत आहे असं सगळे समजतात, त्यातलं बरंचसं मला माहीत नाही. तुम्हालाही ते कळलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

माझ्या मुलाचं आणि तुमच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी निरोप धाडला होता: मानपान नको, साड्या नकोत, विहिणीची पंगत नको. फार पुरोगामी वाटलं होतं मला. तुम्ही तरीही हैदराबादहून साड्यांचा गठ्ठा घेऊन आलात. मी एक ठेवून घेतली आणि बाकीच्या परत केल्या. त्या परत करण्यात केवढा तोरा होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. तुम्हाला दिसलं असणार. मानपानातलं एवढं एकच मी राहू दिलं, 'विहीणबाई' आणि त्याच्यासोबत येणारं 'तुम्ही'. ते मात्र कसोशीने सांभाळलं. आपल्याकडे ते सैल करायचं असेल तर मुलाकडच्यांनी करायचं असतं. मुलीकडच्यांनी वाट बघायची. तुम्ही पंधरा वर्षं बघितलीत.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे हैदराबादेत, दिलसुखनगरला, राहायला आले. खाली कोचिंग क्लास, समोर कोचिंग क्लास, आणि जिन्यात उभ्याने पाठांतर करणारी मुलं. तुम्ही नल्लकुंट्याहून दर मंगळवारी दुपारी रिक्षाने यायचात. पहिल्याच मंगळवारी तुम्ही माझी तपासणी केलीत.

"झोप लागते?"

"लागते."

"रडायला येतं?"

"नाही."

"कधीच?"

"काही कारण नाही."

"हौ, हीच परेशानी आहे," तुम्ही म्हणालात, आणि बरोबर आणलेल्या वहीत काहीतरी लिहिलंत. "तुम्हाला 'आंघोळीचं घर' नक्को. त्यात पहिल्या भागातच बाप मरतो. तुम्ही 'लोणचंवाली' घ्या. ती पचायला हलकी."

कोरियन नावं तुमच्या जिभेवर बसत नव्हती आणि इंग्रजी नावं तुम्हाला सगळी एकसारखी वाटायची, म्हणून तुम्ही प्रत्येक मालिकेचं बारसं स्वतः केलं होतंत. 'आंघोळीचं घर', 'लोणचंवाली', 'बेटावरचा पोस्टमास्तर', 'दोन वकील आणि एक खोली'. भाजीवालीपासून तुमच्या दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना तुम्ही या नावांनी मालिका सुचवायचात आणि खरं नाव आपली नात सई त्यांच्या फोनवर शोधून द्यायची. नवीन बघणाऱ्यांसाठी तुमचे नियम होते. पहिले दोन भाग माफ करायचे. पाहुणा आल्या आल्या त्याचा स्वभाव कळतो का? रिकाम्या पोटी बघायची नाही, ती माणसं दर दहा मिनिटांनी जेवतात. नायक सुरुवातीला उर्मट असला तर घाबरायचं नाही. सातव्या-आठव्या भागात त्याला ताप येतो, मग सुधारतो. सुनेच्या तोंडावर पाणी फेकणारी सासू आली की मागे वळून माझ्याकडे बघायचं, हा नियम फक्त तुमच्यासाठी होता आणि तो तुम्ही चुकवला नाहीत.

सगळ्यात कडक नियम असा की मालिका हिंदीत किंवा तेलुगूत डब केलेली बघायची नाही. कोरियनमध्येच बघायची, खाली इंग्रजी अक्षरं घेऊन. मी म्हटलं, "कोरियन ना तुम्हाला कळत, ना मला. हा कसला आग्रह?"

तुम्ही चित्र थांबवलंत, थोडं मागे नेलंत. बेटावरचा पोस्टमास्तर मासे वाळवणाऱ्या बाईशी काहीतरी बोलत होता.

"ऐका. शेवटी काय म्हणाला?"

"काय म्हणाला?"

"यो. ऐकलं? आता तीही. यो. आपल्याकडे तेलुगूत नाही का, 'चेप्पंडी' म्हणजे सांगा आणि 'चेप्पु' म्हणजे सांग? तस्सं यांचं. शेवटी 'यो' लावला की अहो-जाहो. आणि 'यो' गेला," तुम्ही टाळी वाजवलीत, "की अरे-तुरे! मग बघा चेहरे. एकदम लाल. लग्नाबिग्नाचं काय घेऊन बसलात, तोच खरा सीन."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी वाचत होते. खाली अक्षरं उमटली की माझे डोळे तिकडे धावतात, जन्माची सवय. तुमचं इंग्रजी जामबागच्या मराठी शाळेतलं. एक ओळ लागेपर्यंत पुढची यायची, म्हणून तुम्ही थांबवून थांबवून बघायचात. सोळा तासांच्या मालिकेला तुम्हाला दुप्पट वेळ लागायचा. आणि वाचणं रखडत होतं म्हणून तुम्ही ऐकत होतात. इंग्रजी अक्षरांत राजाही 'यू' आणि त्याचा कुत्राही 'यू'. तिथे हा 'यो' कुठेच नव्हता. तो तुम्ही कानाने शोधलात. त्या संध्याकाळी मी इंटरनेटवर खात्री करून घेतली. तुमचं बरोबर होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी जरा खट्टू झाले, आणि खात्री करून घेतल्याचं तुम्हाला कधी बोलले नाही.

तुमच्या वहीत प्रत्येक मालिकेपुढे एक आकडा असायचा, 'यो' जातो तो भाग. शेवट सांगणं तुमच्या लेखी पाप होतं, पण हा आकडा तुम्ही नवीन माणसाला आधीच सांगून ठेवायचात, म्हणजे तो कान देऊन बसेल. सरोजम्मांना माझ्यासमोर बजावलं होतंत, "नववा. उस दिन कुकर नक्को लगाओ."

आता त्या मंगळवारावर येते.

दिवाळी होऊन गेली होती. तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून अंबाडी निवडत होतात. दोन दिवसांपूर्वी सईने तुम्हाला शोधून दिलं होतं, की त्या मालिकांमधली माणसं 'यो' सोडण्याआधी एकमेकांची परवानगी घेतात. त्याला त्यांच्या भाषेत 'बोलणं खाली ठेवणं' म्हणतात. तुम्हाला ते फार आवडलं होतं. डोक्यावरची पाटी खाली ठेवावी तसं, असं तुम्ही तीन वेळा म्हणालात. मग पानं खुडता खुडता, माझ्याकडे न बघता:

"विहीणबाई, एक विचारू? राग नक्को."

"विचारा."

"आपण ठेवायचं का खाली?"

"काय?"

"बोलणं. मी तुम्हाला तू म्हणते, तुम्ही मला म्हणा." लगेच तुम्ही घाईघाईने पुढे बोललात. "मुलं तू म्हणतात, पण तो 'तू' खालून वर येतो. माझी बहीण गेली ना, तेव्हापासून बरोबरीचा 'तू' म्हणणारं कुणी राहिलं नाही मला."

मी म्हणाले, "मग आधी याद्या कराव्या लागतील. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बोलावू, सुपारी फोडू, आणि मार्गशीर्षात एखादा बरा मुहूर्त बघू."

तुम्ही हसलात. खरंच हसलात, हाताला अंबाडी लागली होती म्हणून मनगटाने डोळे पुसलेत. मग म्हणालात, "हौ, ते पण आहे," आणि पुन्हा पानं खुडायला लागलात. मी चहा घेतला.

विनोद मला इतका आवडला होता की रात्रीच्या जेवणाला मी तो मुलाला सांगितला. तो हसला नाही. "आई, त्या मनापासून विचारत होत्या," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

ठाऊक होतं, विहीणबाई. तुम्हाला कळलं नाही म्हणून मी चेष्टा केली, असं मला म्हणता येणार नाही. मला कळलं होतं, आणि त्याच क्षणी मला एक चांगलं वाक्य सुचलं. चांगलं वाक्य सुचलं की मी समोरच्या माणसाकडे बघत नाही. माझ्या नवऱ्याचीही हीच तक्रार होती. लग्नसमारंभातल्या थाटामाटावर मी आयुष्यभर कोट्या केल्या आणि तुम्ही साधी पाटी उतरवायला आलात तेव्हा सगळा थाट मध्ये आणून उभा केला.

पुढच्या मंगळवारी तुम्ही तो विषय पुन्हा काढलात, वादाच्या रूपात, म्हणजे मला सोपं जावं. आदर असला तर तो 'तू'मध्येही दिसतो, असं तुमचं म्हणणं. मी म्हणाले, दिसतो, पण भांडण झालं की 'तुम्ही' वाचवतो.

"आपलं भांडण कधी झालं?"

"तेच तर म्हणते मी."

"नाही झालं, याचंच वाईट वाटतं ना मला," तुम्ही म्हणालात.

त्या वादात माझी शेवटची पाळी अजून बाकी आहे.

मग काही आठवड्यांनी तुम्ही 'अर्धं दुकान' आणलीत. एका जुन्या बाजारात एकच दुकान, मधे पत्रा ठोकून दोन केलेलं. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारी विधवा, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारी. दोघीही साठीच्या पुढच्या. एवढंच सांगितलंत.

"ही तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणाला बोललेली नाही."

"आणि 'यो' कितव्या भागात जातो?"

"ते तुम्ही मला सांगायचं. मास्तरीण आहात ना?"

मी ती पाहिली नाही. मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. कारण एवढंच होतं की मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली होती, एक जाड पुस्तक अर्धं झालं होतं, आणि दोन म्हाताऱ्या दुकानात काय करतात हे बघायला मला सोळा तास द्यायचे नव्हते. एका मंगळवारी म्हणाले, चालू आहे. दुसऱ्या मंगळवारी म्हणाले, फार संथ आहे, पण छान. तिसऱ्या मंगळवारी सकाळी, तुम्ही यायच्या आधी, मी इंटरनेटवर सगळ्या भागांचा सारांश वाचून काढला. कॉलेजात असताना पुस्तक न वाचता मार्गदर्शिका वाचून येणाऱ्या मुलांना मी नापास करत होते. त्यांना निदान परीक्षेची भीती होती.

तुम्ही आलात. मी आपण होऊन म्हणाले, "तो पत्रा ठोकण्याचा प्रसंग फार चांगला घेतलाय."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. तुम्ही कप खाली ठेवलात. "हौ ना? आणि बाजारात पाणी भरतं तेव्हा? आणि ती लाल छत्री?" तुम्ही अर्धा तास बोललात. चार वर्षांत एवढं सलग कधी बोलला नव्हतात. मी सारांशाच्या आधाराने योग्य जागी योग्य हुंकार भरत गेले. मग तुम्ही पुढे सरकून बसलात.

"आणि 'यो'? 'यो' कितव्या भागात गेला?"

सारांशात 'यो' नव्हता. असणार कसा? सारांश लिहिणाराही वाचणाऱ्यांतलाच. पण अकराव्या भागाबद्दल तिथे लिहिलं होतं, की पुराच्या दिवशी दोघी माळ्यावर अडकतात आणि त्यांच्या नात्याला नवं वळण लागतं. मी थोडी थांबले. आठवून बघतेय असा चेहरा केला. खोटं बोलले त्यापेक्षा त्या थांबण्याची मला जास्त लाज वाटते.

"अकराव्या," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हां," म्हणालात. "अकराव्या." मग कप उचललात, गार झालेला चहा सगळा प्यालात, आणि सईची परीक्षा कधी आहे ते विचारलंत.

त्यानंतरचे दोन मंगळवार तुम्ही आलात. एकदा अंबाडी घेऊन, एकदा नुसत्याच. मालिकेचं नावही काढलं नाहीत, पुढची सुचवलीही नाहीत. मला वाटलं, सुटले. तिसऱ्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत, कारण रविवारी तुम्हाला दवाखान्यात हलवलं होतं. तिथे नळ्यांमुळे तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी दोनदा आले. दोन्ही वेळा, "काळजी करू नका, लवकर बऱ्या व्हाल," असं म्हणाले. शोकसभेतल्या वाक्यांइतकंच शुद्ध. तुम्ही एकदा माझं बोट धरलंत. मी इकडेतिकडे बघून नर्सला सलाइनबद्दल काहीतरी विचारलं.

तेरावा झाल्यावर सई तुमची वही घेऊन माझ्या खोलीत आली. ती मराठी फडाफडा बोलते, पण वाचताना अक्षर अक्षर जोडते. तुमच्या शाळेत शिकली नाही ना. वहीत दर माणसाला एक पान होतं. सरोजम्मांचं, भाजीवालीचं, दंतवैद्याचं. नाव, कोणती मालिका दिली, 'यो'चा आकडा, आणि खाली तुमचा शेरा. दंतवैद्याच्या पानावर होतं, 'रडला. दुसरी द्यावी.'

"आजी, हे तुझं पान," सई म्हणाली. "वर 'विहीणबाई' लिहिलंय. मग 'लोणचंवाली'. मग हे सगळं. आणि शेवटी... अ-र्धं... 'अर्धं दुकान'. सगळ्यांच्या पुढे नंबर आहे. इथे नुसती रेघ आहे. अम्मम्मा लिहायचं विसरली वाटतं."

"आणि शेरा?"

तिने बोट ठेवून वाचलं. "पा-हि-ली ना-ही. पाहिली नाही. प-र-त वि-चा-रा-य-चं नाही." ती माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे काय, आजी? काय पाहिली नाही?"

मी म्हणाले, "मला बघायला सांगितलेली एक मालिका मी पाहिली नाही, आणि पाहिली म्हणून सांगितलं."

"अम्मम्माला?"

"हो."

सई चौदा वर्षांची आहे. तिने वही मिटली नाही, मला रागावली नाही. म्हणाली, "शिट, आजी," आणि मग, "लावून देऊ?"

विहीणबाई, तुम्ही रागावला असतात तर मला झेपलं असतं. 'परत विचारायचं नाही' हे वाक्य झेपत नाही. मी पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये, याची व्यवस्था तुम्ही करून ठेवलीत. शेवटचे दोन मंगळवार तुम्ही माझी लाज राखायला आला होतात, आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं, विसरल्या.

मी रोज दुपारी एक-एक भाग बघितला. डोळे खाली जाऊ नयेत म्हणून पडद्याच्या तळाशी मंडळाची स्मरणिका आडवी उभी केली. तिचा झालेला हा पहिला उपयोग. गोष्ट काय आहे ते मला सारांशामुळे पाठच होतं, त्यामुळे ऐकण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. पहिले तीन दिवस नुसता गोंगाट. चौथ्या दिवशी घड्याळवाली म्हणाली काहीतरी, आणि शेवटी स्पष्ट, 'यो'. मग तो सगळीकडे ऐकू यायला लागला. पत्र्याच्या या बाजूने 'यो', त्या बाजूने 'यो'. भांडताना, भाडं ठरवताना, एकमेकींच्या उष्ट्या भांड्यातून जेवताना. लाल छत्री दहाव्या भागात आहे. तुम्ही तिच्याबद्दल एवढ्या का बोलत होतात ते कळलं, पण आता कुणाशी बोलू?

अकराव्या भागाला मी खुर्ची जवळ ओढली. पाणी भरलं. दोघी माळ्यावर गेल्या. छत्रीवालीने घड्याळवालीच्या नवऱ्याचं घड्याळ पाण्यातून वाचवलं, ते हातात घेऊन घड्याळवाली रडली, छत्रीवालीने तिला धरलं. आता जाईल, मला वाटलं. सगळी तयारी झाली होती. घड्याळवाली नाक पुसून काहीतरी म्हणाली. यो.

बाराव्यात गेला नाही. चौदाव्यात एकीचं ऑपरेशन झालं, तिथेही गेला नाही. सोळाव्या भागात, दुकान आवरताना, घड्याळवालीने विचारलं. मी स्मरणिका बाजूला केली. खाली इंग्रजीत काहीतरी गुळमुळीत आलं होतं, पण ती काय विचारतेय ते मला खालच्या ओळीशिवाय कळलं: बोलणं खाली ठेवू या का?

छत्रीवाली म्हणाली, "खाली ठेवलेलं पुन्हा उचलायचं तर वाकावं लागेल. माझे गुडघे बघा."

दोघी हसल्या. घड्याळवालीने मनगटाने डोळे पुसले. इथपर्यंत माझंही बरोबर होतं. पण छत्रीवाली मग त्याच गुडघ्यांवर उठली, पकड आणली, आणि मधला पत्रा काढायला लागली. एक-एक खिळा. ते बराच वेळ दाखवलंय. अंबाडीच्या दिवशी मी चहा घेतला होता.

म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात. माझ्या कोटीचं तुम्ही एवढं मनावर घेतलंत, की तशीच कोटी करणारी एक म्हातारी कुठून तरी शोधून आणलीत आणि मला दाखवायला निघालात, की बाई, 'तुम्ही' राहू द्या, मला चालेल, पुढचं तेवढं बघा. यापेक्षा नीट उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नाही. आणि ते मी दहा मिनिटांत सारांशात उरकलं.

वहीतून सरोजम्मांना त्यांची पुढची शोधून दिली. 'बेटावरचा पोस्टमास्तर'. त्यांनी विचारलं, "आप देखे क्या, अम्मा?" मी म्हणाले, "थोडीसीच देखी. पूरी नहीं." त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या आकडा विचारून निघून गेल्या. 'अर्धं दुकान' मी त्यांना सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

हे लिहिताना दोन परिच्छेद मी 'तू' म्हणून लिहिले होते. मग खोडले. आता 'तू' म्हणणं फार सोपं आहे, नको म्हणायला समोर कुणी नाही. ते अंबाडी निवडताना म्हणायचं होतं, जेव्हा त्याची किंमत पडली असती. राहू दे. तुम्ही मला ज्या शब्दांनी हाक मारत होतात, त्याच शब्दांनी मी तुम्हाला हाक मारीन; तुम्हाला ते चालत होतं, हे आता मला कळलं आहे. पत्रा मात्र मी काढला नाही, आणि त्यावर काही चांगलं वाक्य मला सुचत नाही.

तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर राहिलं आहे. सोळाही भाग पाहिले, शेवटचा दोनदा. थांबवून थांबवून, तुमच्यासारखे. जात नाही, विहीणबाई. पत्रा निघतो, दुकान एक होतं, त्या एकमेकींना 'उद्या लवकर या' म्हणतात, आणि त्या वाक्यालाही शेवटी 'यो' आहे.